गोदाम ते रेशन दुकान: सॉल्व्हर उत्तरच देत नाही

प्रश्न (प्रबंधवाला)
लोकप्रशासनाच्या प्रबंधासाठी लिनिअर प्रोग्रामिंग (ठरलेल्या अटी पाळून खर्च कमीत कमी करायचं गणित) वापरतोय. 4 गोदामं, 60 रास्त भाव दुकानं; कुठून कुठे किती धान्य पाठवलं तर वाहतूक सर्वांत स्वस्त पडेल, एवढंच काढायचंय. एक्सेलमधलं हे गणित सोडवणारं साधन, सॉल्व्हर, म्हणतो चलं (शोधायचे आकडे) जास्त झाली. दुकानं 45 केली तर म्हणतो उत्तर शक्य नाही.

क्विंटल_कट्टा
गोदाम-दुकानाच्या प्रत्येक जोडीला एक, म्हणजे 4 × 60 = 240 चलं. एक्सेलमधला साधा सॉल्व्हर 200च घेतो. एक्सेलला जोडायचं ओपनसॉल्व्हर घ्या, फुकट आहे. गहू-तांदूळ वेगळे धरलेत तर 480 होतील, तेही चालतील.

दुसरा घोळ बहुधा एककांचा: साठा टनात, मागणी क्विंटलात. एक दुकान हातानं करून बघा. प्राधान्य यादीत 300 माणसं × 5 किलो = 15 क्विंटल, अंत्योदयची 20 कुटुंबं × 35 किलो = 7 क्विंटल. झाले 22. त्यातून ई-पॉसवरची (दुकानातल्या धान्यवाटपाच्या यंत्रावरची) महिनाअखेरची शिल्लक वजा. तरीही साठा कमीच पडला तर तुटीएवढं एक काल्पनिक गोदाम जोडा, वाहतूक दर शून्य.

आडवाटेचा
शून्य दरात मेख आहे. मॉडेल सगळी तूट लांबच्या पाड्यांवर ढकलणार, कारण तिथे धान्य न पाठवण्यातच जास्त पैसे वाचतात! तूट 10 टक्के असेल तर प्रत्येक दुकानाला खऱ्या गोदामातून किमान 85 टक्के, अशी अट घाला. अटीआधीच्या आणि नंतरच्या खर्चातला फरक मांडा. लोकप्रशासनाच्या प्रबंधात मला तोच आकडा वाचायला आवडेल.

प्रबंधवाला
एककच चुकलं होतं, धन्यवाद. शॅडो प्राइसवर (साठा किंवा मागणी एका क्विंटलनं वाढली तर एकूण खर्च किती बदलतो, त्या आकड्यावर) वेगळं प्रकरण लिहू का?

क्विंटल_कट्टा
जपून. एकूण साठा आणि मागणी तंतोतंत जुळली की एक अट फालतू ठरते (बाकीच्यांतूनच ती निघते) आणि शॅडो प्राइस एकमेव राहत नाही. अ गोदामाची −6, ब ची −2 आली तर अर्थ फक्त फरकाला: एक क्विंटल साठा ब ऐवजी अ मध्ये ठेवला तर 4 रुपये वाचतात, तेही सॉल्व्हरच्या संवेदनशीलता अहवालात दिलेल्या मर्यादेपर्यंतच.

पूर्णांकाची अट लावू नका, ती लावली की एक्सेल हा अहवालच देत नाही. साठा, मागणी आणि 85 टक्क्यांची किमान अटही 50 किलोच्या पूर्ण कट्ट्यांत भरा, उत्तर आपोआप पूर्ण कट्ट्यांत येतं. ट्रकच्या खेपा मोजायच्या असतील तर मात्र ती अट टळत नाही.

आडवाटेचा
आणि किलोमीटर नकोत, कंत्राटातला प्रतिक्विंटल दर घ्या. दर अंतराच्या टप्प्यांनी ठरत असेल तर एकाच टप्प्यात 3 किलोमीटर वाचवून बिलात रुपयाही कमी होत नाही.