अनुभव धागा: लिंक्डइनवर आपलं काम नीट मांडताना (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी)

टिळकवाडीहून

नमस्कार मंडळी. पुण्याच्या एका इंजिनिअरिंग कंपनीसाठी माणसं शोधण्याचं काम मी घरून करते. दिवसाचा बराच वेळ लिंक्डइनवर जातो. तिथे फाउंड्री (ओतकामाचा कारखाना), मेथडिंग (धातू साच्यात कसा ओतायचा ते ठरवणं), एसजी आयर्न (ओतीव लोखंडाचा एक प्रकार) असे शब्द टाकून शोधलं की कोईमतूर, राजकोट, कोल्हापूरची माणसं भराभर समोर येतात. बेळगावची फार थोडी. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथे किती ओतकाम चालतं आणि त्यात किती जाणती माणसं आहेत हे मी लहानपणापासून बघत आलेय, म्हणून मी खोदून शोधते. बाहेरचा माणूस कशाला खोदेल? त्याचं काम पहिल्या दोन पानांत भागतं.

अडचण अशी की कामाची खरी नावं प्रोफाइलवर नसतातच. नावाखालच्या हेडलाइनमध्ये 220 अक्षरं मिळतात, तिथे नुसतं ‘इंजिनिअर’ आणि कंपनीचं नाव. ‘अबाउट’मध्ये 2600 अक्षरांची जागा, ती रिकामी. किंवा मग हार्डवर्किंग, सिन्सिअर, टीम प्लेअर. हे शब्द टाकून मी आजवर एकही माणूस शोधलेला नाही. मी शोधते ते हुद्दा, मशीन, मटेरियल, सॉफ्टवेअर, गाव, भाषा.

मोठ्या शहरांतले सल्ले ढिगाने मिळतात. मला आपल्याकडचे अनुभव हवेत. तुम्ही प्रोफाइलवर नेमकं काय लिहिलंत आणि पुढे काय झालं, ते सविस्तर सांगा. कंपन्यांची नावं टाळा.

फाउंड्रीवाला, उद्यमबाग

ताई, चांगला विषय काढलात. मी मेथडिंग बघतो. कास्टिंगला (ओतलेल्या भागाला) रायझर, म्हणजे धातू आकसताना भर पुरवणारा साठा, कुठे द्यायचा, गेटिंग, म्हणजे रस साच्यात जाण्याची वाट, कशी ठेवायची, चिल, म्हणजे उष्णता पटकन ओढणारा तुकडा, लावायचा की नाही, हे ठरवणं माझं काम. शिक्षण डिप्लोमा. डिग्रीवाल्यांच्या रांगेत आपला नंबर कधी लागणार असं आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं, म्हणून ते प्रोफाइल काढतच नाहीत.

मी माझ्या माहितीत एकच काम पूर्ण उलगडून लिहिलं. हायड्रॉलिकची एक व्हॉल्व्ह बॉडी होती, एसजी 500/7 ग्रेडची, ग्रीन सँडमध्ये (ओलसर वाळूच्या साच्यात), आतल्या पोकळीसाठी शेल कोअर (वाळूचाच गाभा). आतल्या जाड भागात श्रिंकेज (धातू आकसून पडणारी पोकळी) यायचं. बाहेरून कास्टिंग सुरेख दिसायचं. शॉट ब्लास्टिंग झालं, मशिनिंग झालं, आणि प्रेशर टेस्टला लावलं की तेल पाझरायचं. म्हणजे वितळवण्यापासून मशिनिंगपर्यंतचा सगळा खर्च वाया. रायझरची जागा बदलली, जाड भागाला चिल दिला, सिम्युलेशनवर तपासून गेटिंग बदललं, गळती थांबली. हे सगळं चार ओळींत, साध्या इंग्रजीत, आम्ही शॉपफ्लोअरवर जे शब्द वापरतो त्याच शब्दांत लिहिलं. रिजेक्शन आधी किती होतं आणि नंतर किती राहिलं, ते मालकांना विचारून टाकलं. गिऱ्हाइकाचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंग, पॅटर्नचा फोटो यातलं काहीही टाकलं नाही. ते आपलं नसतं. आणि असलं उघडं टाकणाऱ्या माणसावर पुढचा मालक तरी कसा विश्वास ठेवील?

पुढे शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या प्रमुखांचा मेसेज आला. बायोडेटा वगैरे काही मागितला नाही. पहिलाच प्रश्न होता, ‘चिल कुठल्या मटेरियलचा वापरला?’ मी उत्तर दिलं, त्यांनी त्यावर आणखी विचारलं. इंटरव्ह्यूला गेलो तेव्हा सगळी बोलणी त्या एका बॉडीवरच झाली, डिप्लोमा-डिग्रीचा विषय निघाला नाही. आज मी तिथेच आहे, शनिवारी रात्री बेळगावला येतो.

माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं, दहा कामांची यादी देण्यापेक्षा एक काम मुळापासून लिहा. ज्याला त्यातलं कळतं तो थांबून वाचतो.

सीएनसी, हत्तरगी

विमानाच्या सुट्या भागांच्या मशिनिंगमध्ये आहे. आयटीआय. आमच्या कामात कंट्रोल कुठला (फॅनूक की सीमेन्स), किती ॲक्सिस, मटेरियल काय (ॲल्युमिनियम, टायटॅनियम, इन्कोनेल) आणि एएस 9100 (विमान उद्योगाचं गुणवत्तेचं मानक) पद्धतीत काम केलंय का, एवढं बघितलं जातं. हे शब्द मी स्किल्समध्येही टाकले आणि प्रत्येक नोकरीखालीही. फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शनचे (पहिल्या तयार भागाच्या पूर्ण तपासणीचे) रिपोर्ट स्वतः भरतो, तेही लिहिलं. बंगळूर आणि हैदराबादहून विचारणा होते.

शॉपमध्ये मोबाइल चालत नाही, त्यामुळे फोटो घरी काढला. खिडकीकडे तोंड करून, मागे कोरी भिंत, इस्त्रीचा शर्ट. लग्नातला कापून लावलेला फोटो नको, मागे कुणाचा तरी खांदा राहतो.

शहापूर, बेळगाव

मी बीकॉम. लग्नाआधी एका ऑफिसात अकाउंट्स बघायची. मग मुलगी झाली, सासूबाई आजारी पडल्या, बाहेरची नोकरी सुटली. परत सुरुवात करायची ठरवलं तेव्हा मधली वर्षं कशी दाखवायची हाच मोठा प्रश्न होता. लिंक्डइनवर 2022 पासून ‘करिअर ब्रेक’ची वेगळी नोंद करता येते. कारण निवडायचं आणि खाली दोन ओळी लिहायच्या. मी सरळ लिहिलं, ‘कुटुंबातल्या आजारी ज्येष्ठांची शुश्रूषा’. लपवण्यासारखं त्यात काय आहे? ते काम मी मनापासून केलं.

पण त्याच वर्षांत मी आमच्या साड्यांच्या दुकानाचा सगळा जीएसटी सांभाळत होते. टॅली, जीएसटीआर-1 आणि 3बी ही रिटर्नं, माल पाठवतानाचं ई-वे बिल. घरच्या धंद्याचं काम बायका ‘मदत’ म्हणून सोडून देतात. बायांनो, तसं करू नका. ते काम आहे, ते कामाच्या यादीत लिहा. आणि आपल्या भागातल्या हिशेबाची एक खासियत आहे. आमचा माल कागलला गेला तर राज्य बदलतं, म्हणून आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा). त्याहून दूर हुबळीला गेला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात, केंद्राचा आणि राज्याचा). एकाच सकाळी दोन्ही तऱ्हेची बिलं निघतात. दोन राज्यांचे व्यापारी, दोन भाषांतले फोन. मी हे ‘अबाउट’मध्ये पहिल्या परिच्छेदात घातलं, आणि आमच्या सीए सरांना विनंती करून त्यांच्याकडून शिफारस लिहून घेतली. ‘काहीतरी चांगलं लिहा सर’ असं मोघम म्हटलं नाही. रिटर्न वेळेवर भरणं आणि पोर्टलवरच्या नोंदींशी आमची खरेदी जुळवणं, या दोन गोष्टींवर लिहाल का, असं विचारलं. त्यांनी अगदी तेच लिहिलं.

आता पुण्यातल्या एका फर्मचं अर्धवेळ काम घरून करते. त्यांचे इचलकरंजीचे आणि हुबळीचे दोन्हीकडचे अशील माझ्याकडे आहेत.

टिळकवाडीहून

वैनी, शिफारस कशी मागायची ते फार छान सांगितलंत. मोघम शिफारशी आम्ही वाचत नाही, नेमक्या वाचतो.

ठिबकवाला, निपाणी

भाषेचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. ठिबक सिंचनाच्या विक्रीत आहे, गिऱ्हाईक बहुतेक ऊसवाले. घरी मराठी, शाळा मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड. प्रोफाइलवर भाषांसाठी वेगळा विभाग आहे, प्रत्येक भाषेपुढे पातळी निवडता येते. मी मराठी मातृभाषेच्या पातळीवर, कन्नड कामकाजाच्या पूर्ण पातळीवर, पुढे हिंदी आणि इंग्रजी असं भरलं. हेडलाइनही तशीच: ‘टेरिटरी सेल्स, ठिबक सिंचन, ऊस, कोल्हापूर, सांगली, बेळगाव, विजयपूर, मराठी, कन्नड, हिंदी’.

कंपनीला नेमका असाच माणूस हवा होता. कोल्हापूरचा माणूस चिकोडीच्या पुढे अडतो, धारवाडचा कागलच्या पुढे. मी सकाळी शिरोळला आणि दुपारी रायबागला डीलरशी त्याच्याच भाषेत बोलतो. सीमाप्रश्नावर माझं मत ठाम आहे, ते बदललेलं नाही. पण शेतकऱ्याला फिल्टर कधी धुवायचा आणि लॅटरल (ठिबकची बारीक नळी) कधी फ्लश करायची हे त्याच्या भाषेत समजावता येणं हे मी कमावलेलं कौशल्य आहे. आपल्या पोरांनी कन्नड येत असून ती प्रोफाइलवर लिहायला संकोचू नये. मराठी लिहायला तर मुळीच नाही. आणि येत असेल तेवढीच पातळी लिहा, फोनवर पहिल्या मिनिटात कळतं.

निवृत्त हवालदार, खानापूर तालुका

मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. शेवटची बरीच वर्षं एमटीला, म्हणजे गाड्यांकडे होतो. पुतणीने प्रोफाइल करून दिलं. तिने मला रोजचं काम विचारलं आणि मी सांगत गेलो. सकाळी गाड्यांची तपासणी, लॉगबुक, ड्रायव्हरांच्या ड्युट्या, डिझेलचा हिशेब, टायर आणि बॅटरीचा स्टॉक, नव्या पोरांना घाटातलं ड्रायव्हिंग शिकवणं. तिने ते ‘फ्लीट अँड ट्रान्स्पोर्ट सुपरवायझर’ या नावाखाली मांडलं, कंसात हवालदार ठेवलं. हुद्दा काढू नको म्हणालो, तो मी कमावलाय.

आमच्या माजी सैनिक भावांना एवढंच सांगतो: युनिट कुठे होतं, किती माणसं, कुठली हत्यारं, कुठली मोहीम, यातलं काहीही लिहू नका. गणवेशातले जुने फोटो टाकताना मागे काय दिसतंय ते बघा. निवृत्तीनंतरही ती जबाबदारी संपत नाही. कामाला जे लागतं ते त्याच्याशिवाय व्यवस्थित लिहिता येतं. मला एका ट्रान्स्पोर्टवाल्याने पुणे-बंगळूर हायवेवरच्या त्याच्या गोदामासाठी बोलावलं. तिथे मी लॉगबुकाचीच शिस्त लावली.

थोरला भाऊ, चिकोडी

हे जरा सावधगिरीचं. धाकट्याने ‘ओपन टू वर्क’ची हिरवी पट्टी फोटोवर लावली आणि आठवडाभरात दुबईच्या नोकरीचा मेसेज आला. पगार भरमसाट, इंटरव्ह्यू चॅटवरच, आणि व्हिसाच्या ‘प्रोसेसिंग’साठी पैसे आधी भरायचे. तो हरखून गेला होता. आम्ही दोघांनी बसून एकेक गोष्ट तपासली. त्या माणसाच्या प्रोफाइलवर ‘अबाउट धिस प्रोफाइल’ उघडलं की खातं कधी काढलं ते दिसतं, ते अगदी नवं होतं. ईमेल कंपनीच्या डोमेनचा नव्हता. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणारा एजंट सरकारकडे नोंदलेला असावा लागतो, ती यादी ई-मायग्रेट पोर्टलवर असते. त्यात हे नाव नव्हतं. मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवले, लिंक्डइनवर तक्रार केली, ब्लॉक केलं. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका लवकर तितकी रक्कम अडवता येण्याची आशा जास्त.

हिरवी पट्टी न लावताही ‘फक्त रिक्रूटर्सना दिसू दे’ असा पर्याय आहे. नोकरी चालू असणाऱ्यांनी तोच घ्यावा, तरी हाताखालच्या किंवा वरच्या कुणाला कळणारच नाही अशी खात्री लिंक्डइन देत नाही.

चप्पलवाले, अथणी

आमचं काम नोकरीचं नाही, तरी लिहितो. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात बेळगाव आहे. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि सगळीकडे चर्चा झाली, तेव्हा लोक आम्हाला शोधू लागले.

मी प्रोफाइलवर कामाचे टप्पे फोटोंसकट टाकलेत. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं, तळव्याचा थर थापून बसवणं, खिळा न वापरता कातड्याच्याच वादीने शिवणं, पट्ट्यावरची वेणी. वेणी आई घालते, तळ वडील बसवतात, दोघांची नावं त्या त्या फोटोखाली लिहिलीत. बंगळूरच्या एका डिझायनरने वेणीचा फोटो बघून आईशीच बोलायचं म्हटलं. आई कन्नड-मराठी मिसळून बोलत होती, मी मध्ये बसून इंग्रजीत सांगत होतो. ऑर्डर छोटी होती, पण दर आईने ठरवला आणि त्यांनी तो मान्य केला.

शेवटचं वर्ष, मेकॅनिकल, बेळगाव

ताई, आमच्याकडे अनुभवच नाही. मग काय लिहायचं? आणि अनोळखी सीनियरना मेसेज कसा करायचा?

टिळकवाडीहून

प्रोजेक्ट लिही. ग्रुपमध्ये चौघं असाल, तर तुझा वाटा कुठला ते लिही: डिझाइन तू केलंस की टेस्टिंग, सॉफ्टवेअर कुठलं, चाचणीत काय निघालं. उद्यमबागेत इंटर्नशिप केली असशील तर तिथे रोज काय मोजलंस, काय बघितलंस ते. प्रोफाइलची लिंक बदलून स्वतःच्या नावाची करून घे, बायोडेट्यावर ती बरी दिसते.

सीनियर शोधायला कॉलेजच्या पानावर ‘अलम्नाय’ (माजी विद्यार्थी) उघड. कोण कुठे राहतं, कुठल्या कंपनीत, कुठल्या कामात, असं चाळून बघता येतं. फुकटच्या खात्यात विनंतीसोबत साधारण 200 अक्षरांचीच चिठ्ठी जाते, म्हणून नमस्कार-चमत्कारात जागा घालवू नको. असं काहीतरी: ‘सर, मी आपल्याच कॉलेजचा, मेकॅनिकल शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट पंपाच्या कंपनांवर आहे. आपण याच क्षेत्रात आहात. सेन्सर कुठे बसवावा याबद्दल एक प्रश्न विचारू का?’ नोकरी मागू नको, प्रश्न विचार, आणि उत्तर आलं की त्याप्रमाणे करून काय निघालं ते त्यांना परत कळव.

तुझी हेडलाइन आणि प्रोजेक्टच्या ओळी इथेच टाक, आज रात्री बघते. आणखी कुणाच्या असतील तर त्याही टाका.