तुळई आणि बीम: अंदाजपत्रकात कोणता शब्द लिहावा?

प्रश्न असा आहे: घराच्या अंदाजपत्रकाचा मराठी मसुदा करताना 'बीम'ऐवजी 'तुळई' लिहिलं तर चालेल का? माझं मत स्पष्ट आहे. लाकडी तुळई असेल तर तुळईच लिहा. आरसीसी, म्हणजे लोखंडी सळया घातलेलं काँक्रीट, असेल तर बीम राहू द्या. हा इंग्रजीचा कैवार नाही. दोन्ही वस्तू भार पेलतात, पण पेलण्याची रीत निराळी आहे.

वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात जाऊन नजर खालून वर न्यावी. तळाशी दगडी उथळा, म्हणजे लाकडी खांब ओलीपासून आणि वाळवीपासून वर राहतो. उथळ्यावर खांब, खांबाच्या डोक्यावर हस्त (तुळईला टेकू देणारं आडवं लाकूड), हस्तावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या आणि कड्यांवर पाट. या शेवटच्या जोडीलाच आपण कडीपाट म्हणतो. यात प्रत्येक लाकूड वेगळं असतं, एकावर एक टेकलेलं असतं. एखादी तुळई किडली तर खाली टेकू देऊन सुतार ती बदलू शकतो.

आरसीसीत हे टेकणं नाही. कॉलमच्या सळया बीममधून वर जातात, बीम आणि स्लॅबचा माल बहुतेक एकाच दिवशी पडतो आणि सगळं एकसंध होतं. शिवाय लाकूड दाब आणि ताण दोन्ही स्वतः घेतं. काँक्रीट दाबाला भक्कम, ताणाला अगदी कमजोर, म्हणून ताणाच्या बाजूला लोखंड घालावं लागतं. मधल्या भागात खालच्या सळया जाड का आणि कॉलमजवळ वरच्या बाजूला जादा सळया का, याचं उत्तर त्यातच आहे. 'तुळई' म्हटलं की डोळ्यांसमोर टेकलेलं लाकूड येतं, आणि मग "ही तुळई काढून हॉल मोठा करू" असं कुणीतरी म्हणतं. ते धोक्याचं आहे.

तुळईबरोबर येणारा 'खण' हा शब्द मात्र हातचा जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. दोन तुळयांमधला गाळा तो खण. आपल्याकडे घर चौरस फुटांत नव्हे, खणांत सांगायचे. जुन्या वाटणीपत्रांत 'पाच खणी घर', 'पूर्वेकडील दोन खण' असे उल्लेख सापडतात. लाकूड कितपत लांब मिळतं आणि किती वजन झेलतं, यावर खणाचं माप ठरायचं, म्हणून जागेचं मोजमाप आणि बांधणीची रीत एकाच शब्दात बसली. टेबलाचा खण आणि चोळीचा खणही तोच, एकातून नेमका वेगळा काढलेला भाग. आरसीसीच्या आराखड्यात दोन कॉलमांमधल्या गाळ्याला खण म्हटलं तर अर्थ तसूभरही बिघडत नाही. म्हणजे बीमला तुळई म्हणू नये, पण दोन बीमांमधल्या जागेला खण खुशाल म्हणावं.

'सोपा'ही असाच. सातारा-सांगलीकडे पुढच्या उघड्या भागाला सोपा म्हणतात, आणि चौकाच्या चारही बाजूंना सोपे असले की तो चौसोपी वाडा. पुस्तकात 'ओसरी' वाचलेल्या मुलांना हे सांगावं लागतं.

आता 'जोतं', म्हणजे जमिनीपासून घराच्या फरशीपर्यंत उचललेला भाग. प्लिंथसाठी याहून चांगला शब्द नाही आणि तो मेलेलाही नाही. गवंडी म्हणतो, महापालिकाही 'जोत्याचा दाखला' म्हणते. सांगलीत तर या शब्दाला वेगळंच वजन आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. नदीकाठच्या वस्त्यांत घर बांधताना पहिला प्रश्न "जोतं किती घेतलंय?" हाच असतो. तिथे 'प्लिंथ लेव्हल' लिहिण्याचं काहीच कारण नाही.

गिलावा (प्लॅस्टर), दरजा (दगडांमधल्या किंवा विटांमधल्या सांध्यांच्या फटी), ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का पाहायची वजन लावलेली दोरी), गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार), पन्हळ (पाणी वाहून नेणारी नळी), छज्जा हे सगळे निःसंकोच लिहावेत. गिलाव्यातला 'गिल' फारसी आहे, अर्थ चिखल. कमान आणि जिना फारसीच, मजला आणि इमारत मुळात अरबी. बाहेरून येऊन मुरलेले शब्द आपण कधी वगळले नाहीत, तर बीम, कॉलम आणि स्लॅबनेच काय घोडं मारलंय? 'ब्रास' हे माप मात्र अंदाजपत्रकात नीट स्पष्ट करा. वाळू-खडीचा ब्रास म्हणजे 100 घनफूट, गिलाव्याचा ब्रास म्हणजे 100 चौरस फूट. नुसतं 'ब्रास' लिहून भांडणं होतात.

उलट्या वाटेने गेलेले शब्दही आहेत. गच्चीतून पाणी गळू नये म्हणून विटांचे तुकडे ढाळ देऊन बसवतात, फटींत माल भरतात आणि वरून घोटतात, तो कोबा. भिंत आणि गच्ची मिळते तिथल्या कोपऱ्यात पाणी साचू नये म्हणून मालाची गोलाई देतात, तो वाटा. गिलावा धरावा म्हणून काँक्रीटवर छिन्नीने मारतात ते टाचे. इंग्रजी निविदांतही 'ब्रिकबॅट कोबा' आणि 'वाटा' असंच लिहिलेलं असतं, आणि इंजिनिअर इंग्रजी बोलतानाही 'टाचा' म्हणतो. ज्यांच्या हातात काम होतं त्यांच्या तोंडचा शब्द टिकला.

कार्यालयात बसून घडवलेल्या शब्दांचं तसं होत नाही. 'सामासिक अंतर' हे इमारतीभोवती सोडायच्या जागेचं नाव आहे, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. पण माझा खरा आक्षेप एफएसआयसाठी घडवलेल्या 'चटई क्षेत्र निर्देशांका'वर आहे. एफएसआय म्हणजे सगळ्या मजल्यांचं हिशेबात धरलेलं बांधकाम भागिले भूखंडाचं क्षेत्रफळ, आणि त्यात बाहेरच्या भिंतींची जाडीही येते. उलट 2016 च्या रेरा (स्थावर मालमत्ता) कायद्यातलं चटई क्षेत्र म्हणजे सदनिकेतली वापरायची जागा. त्यात आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. दोन वेगळ्या मापांना एकच 'चटई' घातल्यामुळे फ्लॅट घेणारा माणूस फसतो. एफएसआयला 'बांधकाम निर्देशांक' म्हटलं असतं तर हा घोळ टळला असता. तोवर एफएसआय लिहावं हे बरं.

शेवटी छपराचे शब्द, कारण त्यांवर माझं काम चालू आहे. महाबळेश्वर-पाटणकडे धो धो पाऊस, म्हणून तिकडे आढं (छपराचा सर्वात उंच मधला भाग), पाखं (छपराची उतरती बाजू), वासे, वळचण (छपराची खालची, पाणी गळणारी कड). माण, आटपाडी, जत हा कमी पावसाचा पट्टा, तिथे लाकडावर माती घालून केलेलं सपाट धाबं किंवा माळवद, आणि उजेडासाठी त्यात ठेवलेलं भोक, म्हणजे साणं. वळचणीचं पाणी आढ्याला, ही म्हण पश्चिमेकडच्या घरात डोळ्यांनी दिसते. माळवदाच्या घरात वळचणच नसते. जत-आटपाडीकडच्या मंडळींनी कृपया सांगावं: तुमच्याकडे धाबं आणि माळवद एकच, की मातीच्या थरावरून फरक करतात? साण्याला दुसरं नाव आहे का? आणि माळवदाच्या कडेने पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीला पन्हळच म्हणतात का?