जुने चित्रपट नव्या टीव्हीवर विचित्र का दिसतात?

प्रश्न: 1940च्या दशकातले कृष्णधवल चित्रपट पुन्हा बघायला घेतलेत. चेहरे रुंद दिसतात, हालचाल मालिकेसारखी गुळगुळीत वाटते. प्रत खराब आहे की टीव्हीचा दोष?

उत्तर: दोष टीव्हीच्या सेटिंगचा. तेव्हाच्या चौकटीचं रुंदी-उंची प्रमाण साधारण 1.37:1, तुमचा पडदा 16:9. ‘स्ट्रेच’ आणि ‘झूम’ दोन्ही बंद करून 4:3 निवडा. बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. झूम केलंत की आधी डोकी कापली जातात, आणि त्या छायाचित्रणाची सगळी गंमत चौकटीच्या कडेपर्यंत मांडलेल्या उजेड-सावलीत असते.

उत्तर: गुळगुळीतपणा ‘मोशन स्मूदिंग’चा. चित्रपटात सेकंदाला 24 चौकटी असतात, टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून भरतो. ते बंदच करा. शार्पनेसही कमी करा, नाहीतर फिल्मचे कण वळवळतात.

उत्तर: गाणी चढ्या सुरात वाटली तर पाल (PAL, भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) डीव्हीडी असेल. ती बहुधा सेकंदाला 25 चौकटींनी पळते, 100 मिनिटांचा चित्रपट 96 मिनिटांत संपतो. मूकपटांचं तर विचारूच नका! अनेक मूकपट 24 पेक्षा कमी वेगाने चित्रित झाले, 24ने दाखवले की माणसं तुरुतुरु धावतात. अभिनय भडक म्हणण्याआधी वेग तपासा.