हॉर्न बंद, एअरबॅगचा दिवा चालू: पूर्ण स्टिअरिंग बदलावं लागेल का?

नमस्कार मंडळी,

आठवडा झाला, गाडीचा हॉर्न वाजत नाही, स्टिअरिंगवरची आवाजाची बटणं चालत नाहीत आणि एअरबॅगचा दिवा विझायला तयार नाही. गॅरेजवाला म्हणतो, पूर्ण स्टिअरिंगच बदला. एवढा खर्च आत्ता झेपणार नाही, आणि मुलांना घेऊन रोज याच गाडीने जायचं असतं. कुणाला अनुभव आहे का?

---

ताई, लगेच हो म्हणू नका.

नुसता हॉर्न गेला असता तर फ्यूज किंवा रिले बघा म्हटलं असतं. पण तिन्ही एकदम गेलं म्हणजे बहुधा क्लॉक स्प्रिंग तुटली आहे. काही जण तिला स्पायरल केबल म्हणतात. स्टिअरिंगच्या चाकामागे प्लास्टिकच्या गोल डबीत पट्टीसारखी चपटी वायर गुंडाळलेली असते. हॉर्न, बटणं आणि एअरबॅग, तिन्हींची जोडणी तिच्यातूनच जाते. स्टिअरिंग फिरेल तशी ती सैल होते, आवळते, आणि वर्षानुवर्षं वळून वळून एक दिवस तुटते. वळताना चाकातून खरखर ऐकू येत होती का, आठवून बघा.

हॉर्नविना चार दिवस निघतील, एअरबॅगचं तसं नाही. तो दिवा पेटलेला असताना धडक बसली तर एअरबॅग उघडेलच याची खात्री नाही. म्हणून हे लांबवू नका.

आधी कंपनीच्या साइटवर चासी नंबर टाकून रिकॉल आहे का बघा. २००७ ते २०१० च्या जीप रँगलर याच भागात धूळ शिरते म्हणून २०१६ मध्ये परत बोलावल्या होत्या. रिकॉल निघाला तर काम फुकट होतं. नसेल तर एअरबॅगचे बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर कोड काढून घ्या. ड्रायव्हरच्या एअरबॅग सर्किटचा रेझिस्टन्स जास्त दाखवला तर संशय पक्का.

मग जुन्या भागावरचा पार्ट नंबर जुळवून फक्त तेवढाच भाग मागवा. भंगारातला घेऊ नका, त्यातली पट्टीही तितकीच वळलेली असते. तुटलेली पट्टी डाग देऊन जोडायच्या फंदातही पडू नका.

बसवायचं काम मात्र एअरबॅगची सवय असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून कंपनीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबायचं, मगच एअरबॅगला हात लावायचा. काढलेली एअरबॅग तोंड वर करून ठेवायची, तिच्यावर मल्टिमीटर कधीच लावायचा नाही. पुढची चाकं सरळ हवीत. नवी स्प्रिंग मधोमध अडकवलेली येते, ती बसेपर्यंत तिची खीळ काढायची नाही. मध्य चुकला तर पहिल्याच पूर्ण वळणावर पट्टी तुटते. माझी एक अशीच गेली, दुसरी घ्यावी लागली.

---

दादांच्या म्हणण्यात एक भर. काही गाड्यांत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर याच डबीत असतो. तसं असेल तर नंतर स्कॅनरने त्याचा शून्य बिंदू लावून घ्यावा लागतो. भाग मागवण्याआधीच विचारून घ्या, नाहीतर एक दिवा जाऊन दुसरा पेटतो.

---

मंडळी, झालं काम! रिकॉल नव्हता, पण कोड तोच निघाला. दुसऱ्या मेकॅनिककडून फक्त क्लॉक स्प्रिंग बदलून घेतली. स्टिअरिंगचं चाक काढण्याआधी त्याच्या दांड्यावर खूण करा म्हणून मी त्याला आवर्जून सांगितलं, त्यामुळे ते सरळ बसलं. हॉर्न वाजतो, बटणं चालतात, आणि किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा क्षणभर पेटून विझतो. आज मुलांना मागे बसवून निघाले तेव्हा पोटातली धाकधूक गेली होती. खूप खूप आभार.