पार्श्वसंगीत नुसतं ऐकण्याबद्दल
"चित्रपट समोर नसताना पार्श्वसंगीत ऐकण्यात काय मजा?" असं काही जण म्हणतात; ते मत मला अजिबात पटत नाही. १९६० च्या 'सायको' या थरारपटासाठी संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी फक्त तंतुवाद्यं वापरली; ना ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी फुंकवाद्यं), ना ड्रम. हेडफोन लावून ऐका. न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगात व्हायोलिनच्या किंचाळण्यानंतर चेलो आणि डबल बास ही खालच्या सुरातली मोठी तंतुवाद्यं किती जड पावलं टाकत येतात, ते तेव्हा कळतं. चित्र समोर असलं की कान अर्धेच उघडे असतात, माझे तरी. 'स्टार वॉर्स'साठी (१९७७) जॉन विल्यम्स यांनी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतलेलं ब्रास दणदणीतच आहे, पण मी पुन्हा पुन्हा वळतो ते हरमनकडे. कुणाचं नेमकं उलट असेल, त्यांनी जरूर लिहा. सुरुवात करायची तर 'सायको'चं शीर्षकसंगीत घ्या, जेमतेम दोन मिनिटांचं आहे.