मदत हवी आहे: इंग्रजीतलं स्पेलिंग सुधारलं आणि मराठी परिच्छेदच गायब झाले

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावी वाचनालयातले दोन संगणक सांभाळतो. टायपिंग शिकवणारं एक मुक्त सॉफ्टवेअर पोट्टे वापरतात. त्याची मदतपुस्तिका मराठीत आहे, म्हणून ते कोणाला न विचारता वाचून शिकतात. माझ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

मूळ इंग्रजी पुस्तिकेत तीन ठिकाणी 'द'चं स्पेलिंग टी-ई-एच पडलं होतं. एका कमांडमध्ये दोन हायफनच्या जागी एक लांब डॅश आला होता. ती कमांड कॉपी केली की चालतच नव्हती. या सॉफ्टवेअरच्या फाइली गिटहब या साइटवर आहेत. तिथं ब्राउझरमधूनच चारही दुरुस्त्या करून पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'हे बदल घ्या' अशी विनंती, पाठवली. ती घेतलीही गेली, लय आनंद झाला.

परवा नवीन आवृत्ती टाकली तर नेमके तेच चार परिच्छेद इंग्रजीत! सहावीतली एक पोरगी विचारते, "दादा, हे काऊन इंग्रजी झालं?" मराठी फाइलला तर मी हातच लावला नव्हता. कोणाची तरी मेहनत माझ्यामुळे वाया गेली का? परत कशी आणू?

प्रतिसाद १
भाऊ, भाषांतर कुठंच गेलं नाही. ते पीओ फाइलमध्येच आहे, म्हणजे मूळ वाक्यं आणि त्यांची भाषांतरं जोडीनं ठेवणाऱ्या फाइलमध्ये. फक्त झाकलं गेलंय. भाषांतरं जोडणारी गेटटेक्स्ट ही प्रणाली इंग्रजी मजकुरावरूनच त्याचं भाषांतर शोधते. इंग्रजीत एक अक्षर जरी बदललं तरी तिच्या लेखी तो नवा मजकूर. मग जुनं भाषांतर जवळपास जुळतं म्हणून ती ते ठेवते, पण वर 'फझी', म्हणजे 'नक्की नाही, तपासा', असा शेरा मारते. माणसानं तपासेपर्यंत फझी भाषांतर वापरायचं नाही, हा नेहमीचा नियम. म्हणून इंग्रजी दिसतंय.

मराठीची पीओ फाइल पोएडिट या पीओ फाइली संपादित करायच्या प्रोग्राममध्ये उघडा. ते चार परिच्छेद वेगळ्या रंगात दिसतील. वाचा, अर्थ तोच असेल तर फझीची खूण काढून टाका. कमांडचा परिच्छेद मात्र नीट बघा, मराठीतही तोच लांब डॅश उतरला असणार. नुसती खूण काढाल तर चूक तशीच राहील.

आणि ते सॉफ्टवेअरवाले लोक भाषांतर वेबलेटवर, म्हणजे ब्राउझरमधून भाषांतर करायच्या सोयीवर, करत असतील तर तिथंच सुधारा. थेट फाइल बदलली तर दोन्हीकडचे बदल एकमेकांत अडकू शकतात.

धागाकर्ता
ताई, जीव भांड्यात पडला. डॅश मराठीतही होता, तुम्ही म्हणाल्या तसाच. पण तमिळ, बंगालीच्या फाइलींतही माझ्यामुळे हाच शेरा लागला असेल ना? त्या भाषा मला येत नाहीत.

प्रतिसाद २
हो, सगळ्याच भाषांत लागला असणार. टी-ई-एचची दुरुस्ती अर्थाला धक्का लावत नाही, त्यामुळे ते तीन शेरे भाषा न येताही काढता येतात. मात्र तुमच्या आधीपासून फझी असलेलं काही मोकळं करू नका, ते खरंच तपासायचं राहिलेलं असतं. पीओफोरए नावाच्या संचात याच कामासाठी एमएसजीअनटायपॉट आहे: मूळ इंग्रजी वाक्यांची साचा-फाइल (पीओटी) दुरुस्तीआधीची आणि नंतरची अशी दोन्ही द्यायची, सोबत पीओ फाइली. पुढच्या वेळी दुरुस्तीसोबतच चालवा. कमांडचा परिच्छेद त्या त्या भाषेच्या माणसावर सोडा, नाहीतर फक्त डॅशच्या जागी दोन हायफन घाला.

धागाकर्ता
मराठीचं झालं, पाठवलं. बाकी भाषांचं आज रात्री बसून करतो. पुल रिक्वेस्टमध्ये काय बदललं आणि का, हे स्पष्ट लिहीन, म्हणजे तपासणाऱ्याला शोधत बसावं लागणार नाही.