मदत हवी आहे: ब्योर्सेवर (जुन्या खेळण्यांच्या बाजारात) जुनं मेर्कलिनचं खेळण्यातलं इंजिन घेताना काय बघायचं? (दोन घेतली, दोन्ही जागची हलत नाहीत)

एस्लिंगेनकर

नमस्कार मंडळी. स्टुटगार्टजवळ एस्लिंगेनला राहतो. आगगाड्यांतलं माझं ज्ञान म्हणजे कॉलेजात असताना काढलेला लोकलचा पास. तेव्हा जरा सोप्या भाषेत सांगा.

झालं असं, की खालच्या मजल्यावरच्या आजींनी तळघर आवरायला काढलं आणि आमच्या लेकीला (वय ७) केळ्यांच्या खोक्यात भरलेली आजोबांची आगगाडी देऊन टाकली. खोक्यात पत्र्याचे रूळ बरेच, हिरवे-तपकिरी पाच डबे, दोन सांधे आणि निळ्या रंगाचा लोखंडी ट्रान्सफॉर्मर. इंजिनं मात्र त्यांच्या मुलाने आधीच नेली होती. डबे आहेत पण इंजिन नाही, म्हणून लेक रोज डबे हाताने ढकलते आणि शिट्टी तोंडाने मारते.

गेल्या रविवारी जवळच्या एका गावात जुन्या खेळण्यांची ब्योर्से होती. शाळेचा जिम हॉल, वर बास्केटबॉलच्या कड्या, खाली ओळीने टेबलं आणि त्यांवर नुसती इंजिनं. मी सोडून बहुतेक सगळे साठीच्या पुढचे, निम्म्यांच्या कपाळावर विजेरी बांधलेली. मी गांगरलो आणि दोन इंजिनं घेऊन बाहेर पडलो:

१. फ्लाइशमन कंपनीचं काळं टँक इंजिन, ५५ युरो. खोका अगदी नवाकोरा, इंजिनावर ओरखडा नाही.
२. मेर्कलिन कंपनीचं ३००० नंबरचं इंजिन, ३० युरो, खोका नाही. विकणारे आजोबा "लॉयफ्ट" एवढंच म्हणाले, म्हणजे चालतं.

घरी पहिलं रुळावर ठेवलं, ढिम्म. दिवासुद्धा लागत नाही. दुसऱ्याचा दिवा लागतो, आतून घूंऽऽ असा आवाज येतो, पण चाक फिरत नाही. दोन मिनिटांत गरम व्हायला लागलं म्हणून बंद केलं.

दोन आठवड्यांनी दुसऱ्या गावात ब्योर्से आहे. १२० युरोंच्या वर जायचं नाही असं घरातून फर्मान आहे. फसलोय का? आणि या खेपेला काय बघून घेऊ?

तिसरा रूळ

बाकीचं नंतर वाचा, आधी तो निळा ट्रान्सफॉर्मर भिंतीतून काढा. वायर कशी आहे? कापडी वेष्टणाची, नाहीतर कडक होऊन तडकलेली असेल, तर त्याला परत हात लावू नका. पेटी लोखंडी आहे आणि घरात सात वर्षांचं मूल आहे.

वायर चांगली असली तरी एक भानगड उरतेच. तुमचे पत्र्याचे रूळ मेर्कलिनचे दिसतात, आणि मेर्कलिनची गाडी ए.सी.वर चालते, साधारण १६ व्होल्टपर्यंत. दिशा बदलायची तर बटण फिरवून क्षणभर २४ व्होल्टचा झटका द्यायचा, इंजिनातली रिले (दिशा बदलणारा विजेचा खटका) पलटते. तुमचा ट्रान्सफॉर्मर जर्मनीत २२० व्होल्ट होते तेव्हाचा. आता भिंतीत २३० आहेत, त्यामुळे आतले सगळे आकडे त्याच प्रमाणात वर सरकतात. जुन्या इंजिनाची रिले हे सोसते. पण उद्या हौसेने एखादं डिजिटल इंजिन त्यावर ठेवलंत, तर त्या झटक्यात डिकोडर, म्हणजे त्याच्या आतली इलेक्ट्रॉनिक पट्टी, जळतो. २३० व्होल्टचा ६६४७ नंबरचा ट्रान्सफॉर्मर वापरलेला मिळतो, बजेटमधून आधी तो घ्या.

आता फ्लाइशमन. इंजिन उलटं करा आणि पोटाचा फोटो टाका.

एस्लिंगेनकर

वायर कापडीच निघाली. ट्रान्सफॉर्मर बाजूला ठेवलाय. पोटाचे फोटो टाकलेत. ३०००च्या खाली चमच्याच्या दांड्यासारखी एक लांब स्प्रिंगची पट्टी आहे. फ्लाइशमनच्या खाली असलं काहीच नाही. तुटून पडली असेल का?

तिसरा रूळ

तुटलेली नाही, ती कधी नव्हतीच. त्या पट्टीला श्लायफर म्हणतात. तुमच्या पत्र्याच्या रुळाच्या मधोमध बारीक टाचण्यांसारखे उंचवटे दिसतील. वीज त्यातून वर येते, पट्टी त्यांवरून घासत जाते आणि दोन्ही बाजूंचे रूळ मिळून परतीची वाट. फ्लाइशमनचं तुमचं इंजिन दोन रुळांवरचं, डी.सी.चं. त्याला डाव्या रुळात एक टोक आणि उजव्यात दुसरं हवं असतं. तुमच्याकडे दोन्ही रूळ आतून एकच आहेत, मग त्याला वीज मिळणार कुठून? इंजिन बहुधा ठणठणीत आहे, फक्त चुकीच्या घरी आलंय.

रुळांतलं अंतर दोन्हीकडे १६.५ मिलिमीटरच, म्हणून बसतं झकास. नवखे सगळे इथेच आपटतात. मीही आपटलो होतो, आणि माझं इंजिन तुमच्यापेक्षा महाग होतं. खोक्यावरचं चिन्ह बघत जा. "~" म्हणजे ए.सी., "=" म्हणजे डी.सी. रोको, फ्लाइशमन यांनी काही मॉडेलं दोन्ही प्रकारांत काढली, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका. ते इंजिन ए.सी.चं करून घ्यायच्या भानगडीत पडू नका, इंजिनाच्या किमतीइतका खर्च येईल. पुढच्या ब्योर्सेवर डी.सी.च्या टेबलावर अदलाबदल करा.

मँचेस्टरचा पाऊस

इकडेही हेच. हॉर्नबी डब्लो ही इकडची खेळण्यातली आगगाडी १९३८ साली आली ती तीन रुळांची, १९५९पासून दोन रुळांची निघाली. टॉयफेअरला दोन्ही एकाच टेबलावर शेजारी शेजारी असतात आणि दर वेळी कुणीतरी चुकीचं उचलतंच. फक्त मापात फरक: आमचं ओओ म्हणजे खऱ्या गाडीच्या १:७६ आणि तुमचं एचओ म्हणजे १:८७, त्यामुळे इकडचे डबे तिकडच्या इंजिनामागे लावले की इंजिन पोरासारखं दिसतं.

कोथरूडचा सिग्नलमन

३०००ची चिंता करू नका. दिवा लागतो म्हणजे वीज पोचते. घूं आवाज म्हणजे मोटर फिरायचा प्रयत्न करतेय पण अडकलीय. नव्वद टक्के वेळा हे जुनं तेल असतं. वीस-तीस वर्षं कपाटात पडलं की तेलाचा डिंक होतो. विकणाऱ्याने "चालतं" म्हटलं ते खोटं नसेलही, त्याच्याकडे शेवटचं चाललं तेव्हा चालतच असेल.

वरचं कवच काढा. मोटरच्या तोंडावरची झाकणी दोन स्क्रूंनी बसवलेली असते. ती काढण्याआधी दोन्ही ब्रश (मोटरला वीज पोचवणारे तुकडे) बाहेर घ्या. एक कोळशाचा, दुसरा तांब्याच्या जाळीचा. कुठला कुठे होता त्याचा फोटो आधीच काढून ठेवा, नंतर आठवत नाही. मग रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, बाहेर येईल. त्याच्या आसावर आणि गिअरच्या दातांवर पिवळट-तपकिरी चिकट थर दिसेल, कानातल्या काडीला वॉशबेन्झिन लावून तो पुसा. खिडकी उघडी ठेवा, वीज बंद, लेकीला त्या वेळी बागेत पाठवा. पुन्हा जोडताना सुईच्या टोकाने आसाच्या दोन्ही टोकांना एकेक थेंब तेल, बस्स. थेंब म्हणजे थेंब, तेल ब्रशपर्यंत गेलं की परत पहिले पाढे. शिलाई मशीनचं किंवा फवाऱ्याच्या डब्यातलं नको. "हार्झफ्राय" लिहिलेलं, म्हणजे डिंक न होणारं तेल घ्या.

मागच्या चाकावर रबराची बारीक धाव असेल, ती कडक होऊन तडकली असेल तर तीही बदला, चार पैशांचं काम आहे. आणि रूळ घासायला लोखंडी काथ्या वापरू नका. त्याचे तंतू मोटरमध्ये ओढले जातात. खोडरबर पुरतं.

(पुण्यात आलात तर लेकीला कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम दाखवा. आम्ही काही जण तिथूनच बिघडलो.)

नेकारकाठी

एस्लिंगेनकर दादा, लेकीला ब्योर्सेवर बरोबर न्या, हा माझा पहिला सल्ला. टेबलामागचे आजोबा लहान पोर बघून विरघळतात. माझ्या मुलाला एकाने दोन डबे फुकट दिले होते, वर अर्धा तास बोलत बसले.

घासाघीस चालते, पण लक्ष्मी रोडची नाही. निम्म्यावरून सुरू केलंत तर चेहरा पडतो. आधी दोन शब्द बोला, इंजिन कधीचं वगैरे विचारा, मग दहा-पंधरा टक्के उतरवायला सांगा. "शेवटची किंमत काय?" हे मोडक्या जर्मनमध्ये विचारलंत तर हसं होईल, क्लाइनआनत्साइगनवर (जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची वेबसाइट) त्या वाक्याची फार चेष्टा झालेली आहे. आणि टेबलाखाली खोकी असतात, त्यांत जरूर हात घाला. एकेक युरोचे डबे तिथेच मिळतात.

एस्लिंगेनकर

सिग्नलमनकाका, ३००० उघडलं! मध वाळवून ठेवल्यासारखा थर होता. रोटर हाताने फिरवायला जोर लावावा लागत होता. पुसला, तेल दिलं, पण नवा ट्रान्सफॉर्मर अजून आला नाही, त्यामुळे चालवून बघितलेलं नाही.

एक विचारायचं होतं. पुढच्या वेळी सगळ्यात मोठ्या मेळ्याला, म्हणजे न्युर्नबर्गच्या टॉयफेअरलाच जावं का?

तिसरा रूळ

नको, आत सोडणार नाहीत. न्युर्नबर्गचा तो मेळा फक्त व्यापाऱ्यांसाठी असतो, आणि तिथे नवा माल. जुनं हवं तर गावोगावच्या ब्योर्सेच बऱ्या. तुम्ही तर ग्योपिंगेनच्या, म्हणजे मेर्कलिनच्या गावाच्या शेजारी राहता. तुमच्या भागात निम्म्या तळघरांत हा माल आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाला. इंजिन हातात घेतलं की आधी उलटं करा. लोक तोंड बघतात आणि भुलतात. पोटाला श्लायफर आहे का, आणि असला तर मधोमध खोल घासलाय का ते बघा. घासलेला असला तर इंजिन बरंच पळालंय, पण पट्टी बदलता येते. चाकं हाताने जबरदस्तीने फिरवू नका, विकणारा ओरडेल आणि बरोबरच आहे.

मग नंबर. जुन्या चार आकडी नंबरांत ३०ने सुरू होणारं म्हणजे साधं, तुमच्या कामाचं. ३६, ३७ने सुरू होणारं डिजिटल. सध्या त्याच्या वाटेला जाऊ नका.

खिशात ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी ठेवा. जुन्या मेर्कलिनची मोटर ए.सी.ची असली तरी डी.सी.वरही फिरते. इंजिन आडवं धरायचं, बॅटरीचं एक टोक श्लायफरला, दुसरं चाकाला. दिवा लागून चाकं सावकाश फिरली की जीव भांड्यात पडतो. आधी विकणाऱ्याला विचारा, आणि डिजिटल इंजिनावर हा प्रयोग करू नका. पुष्कळ ठिकाणी चाचणीचा रूळही मांडलेला असतो, पण तो कुठल्या प्रकारचा आहे ते बघा, बऱ्याचदा डी.सी.चाच असतो.

सगळ्यात वाईट म्हणजे झिंकपेस्ट, जस्ताला लागणारा रोग. ओतीव जस्तात अशुद्धी राहिली की धातू आतूनच फुगतो. रंगाखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसतात, कडा केळ्यासारखी वाकते, चाकं चौकटीत अडकतात. याला औषध नाही. खूप जुन्या मालात तर हमखास बघा. कपाळावरच्या विजेऱ्या याच्यासाठीच असतात.

खोक्याला पैसे देऊ नका. खोका संग्राहकाला हवा, तुमच्या लेकीला नको. शिवाय खोक्यातलं इंजिन त्याच खोक्याचं असतं असंही नाही, नंबर जुळवून बघा.

सकाळी माल चांगला असतो. शेवटच्या तासाभरात भाव उतरतात, कारण आजोबांना सगळं परत गाडीत भरायचा कंटाळा आलेला असतो. घेतलेलं परत होत नाही. "गेकाउफ्ट वी गेझेहेन", बघून घेतलंत ते घेतलंत.

आणि ३०१५ नंबरचं हिरवं लांबनाकं इंजिन दिसलं तर नुसतं बघा. ते 'क्रोकोडाइल', म्हणजे प्रसिद्ध स्विस इलेक्ट्रिक इंजिनाचं मॉडेल आहे, तुमच्या बजेटात त्याचं शेपूटही येणार नाही.

एस्लिंगेनकर

वृत्तांत देतो. काल लेकीला घेऊन गेलो. फ्लाइशमन एका डी.सी.वाल्याने बघताक्षणी उचललं. रोख पस्तीस देत होता, नाहीतर मेर्कलिनचे पत्र्याचे चार लांब डबे. डबे घेतले. वीस युरो बुडाले म्हणायचे की नाही, ठरत नाहीये.

मग एका टेबलावर लाल व्ही-२०० हे डिझेल इंजिन दिसलं, नंबर ३०२१, धातूचं, हातात घेतल्यावर वरवंट्यासारखं जड. भाव ८०. मी आधी उलटं केलं. श्लायफर जेमतेम घासलेला. भिंग घेऊन कडा बघितल्या, भेग नाही. खिशातून बॅटरी काढली तर टेबलामागचे आजोबा हसले आणि त्यांनी स्वतःच्या खिशातून त्यांची काढली, तारा जोडलेली. चाकं फिरली. लेकीने "दिवापण लागला!" असं मराठीत ओरडून सांगितलं, ते त्यांना कसं कळलं देव जाणे, ७० म्हणाले. घेतलं. सव्वीस युरोंत ६६४७ आधीच आला होता, म्हणजे फर्मान पाळलं.

घरी १२ वळणदार तुकड्यांचं वर्तुळ जोडलं, मध्ये दोन-दोन सरळ घातले. ३००० आता पळतंय, थोडं कण्हत का होईना. व्ही-२०० मस्तच. एकच अडचण: दिशा बदलायला झटका दिला की व्ही-२०० आधी बेडकासारखी पुढे उडी मारतं आणि मग थांबतं. एकदा तर सोफ्याखाली गेलं.

कोथरूडचा सिग्नलमन

रिलेची स्प्रिंग. बारीक केसासारखी असते, तिचा ताण जास्त झालाय, त्यामुळे रिले पलटायच्या आधी मोटरला सगळा झटका बसतो. ताण किंचित कमी करायचा, फार सैल केलात तर साध्या वेगातही दिशा आपोआप बदलत राहील. कवच काढा आणि रिलेचा फोटो टाका, कुठे हात लावायचा ते खूण करून देतो. तोवर सोफ्यासमोर उशी ठेवा.